दक्षिण रायगडमधील ग्रामीण क्रीडास्पर्धांचा खर्च

दक्षिण रायगडमधील ग्रामीण क्रीडास्पर्धांचा खर्च हा विषय महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत होणाऱ्या कबड्डी, टेनिस चेंडूवरील क्रिकेट आणि शालेय क्रीडास्पर्धांच्या अर्थव्यवहाराशी संबंधित आहे. मुंबई व उपनगरांत स्थायिक झालेल्या चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळांतर्फे भरवल्या जाणाऱ्या स्पर्धांचाही त्यात समावेश होतो. वर्गणी, श्रमदान आणि कापणीनंतर मोकळे झालेले शेत यांवर चालणारा हा व्यवहार गेल्या काही दशकांत प्रवेश फी, भाड्याचे मैदान, प्रायोजक, संघमालक आणि थेट प्रक्षेपण यांवर अवलंबून राहू लागला आहे.

खर्चाची रक्कम वाढली हे खरे असले, तरी तो कोण भरतो यात झालेला बदल अधिक महत्त्वाचा आहे. पूर्वी गावकी एकत्रितपणे उचलत असलेला भार आज दोन ठिकाणी विभागला गेला आहे. प्रौढांच्या खुल्या स्पर्धांचा खर्च प्रायोजक व हौशी संघमालक करतात. शाळकरी मुलामुलींच्या खेळाचा खर्च मात्र मुख्यतः त्यांच्या घरावर आणि शिक्षकांच्या खिशावर पडतो. डोंगराळ भागातील वाड्यांमध्ये या दुसऱ्या प्रकारच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा प्रवासाचा असतो.

पार्श्वभूमी

पोलादपूर हा रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका असून त्याच्या सीमा सातारा व रत्नागिरी जिल्ह्यांना भिडतात. तालुक्याचा पूर्वेकडील भाग सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून आहे. कुडपण हे याच डोंगराळ भागातील गाव. पावसाळ्यात येथील धबधबे पाहण्यासाठी पर्यटक येतात. एरवी मुंबई-गोवा महामार्गापासून आत, घाटरस्त्याने पोहोचावे लागणारे हे गाव वर्दळीपासून दूर आहे. अशा गावांत सपाट जमीन थोडी आणि तीही भातखाचरांची. त्यामुळे स्वतंत्र क्रीडांगण ही कल्पनाच येथे फारशी रुजली नाही. भात कापून झाल्यावर बांध थोडे सारखे करून जे मैदान मिळते, तेच पुढील पावसापर्यंत गावाचे क्रीडांगण असते.

शेती पावसावरची आणि तुकड्यातुकड्यांची असल्याने या पट्ट्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या कापडगिरण्यांत, गोदीत आणि लहानमोठ्या नोकऱ्यांत जात राहिले. लालबाग, परळ, भायखळा येथील चाळींत एकेका गावाच्या गाळ्यांतून (सामाईक खोल्यांतून) ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. गावातील देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची योजना, शिमग्याची पालखी आणि खेळ या सर्वांसाठी पैसा याच मंडळांतून येत असे. म्हणूनच दक्षिण रायगडमधील खेळाचा जमाखर्च केवळ गावात बसून मांडता येत नाही. त्याचे निम्मे पान मुंबईत लिहिलेले असते.

वर्गणी आणि श्रमदान

कबड्डी, किंवा जुन्या नावाने हुतूतू, हा या भागातील मूळ सांघिक खेळ. त्याला साधन लागत नाही, हे त्याच्या प्रसाराचे मोठे कारण मानले जाते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे महाराष्ट्रात संघटनात्मक बांधणी करण्यात शंकरराव तथा बुवा साळवी यांचा मोठा वाटा होता; त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. रायगड जिल्ह्यात गावोगावी देवाच्या किंवा तरुण मंडळाच्या नावाने संघ निघाले आणि शेजारच्या गावांना निमंत्रण देऊन स्पर्धा भरवण्याची प्रथा पडली.

अशा निमंत्रित स्पर्धेचा खर्च बहुतांशी पैशाच्या रूपात दिसत नसे. मैदान खणून, माती चाळून, पाणी मारून व धुम्मस करून तयार करण्याचे काम गावातील तरुण रात्री करीत. पाहुण्या संघांचे जेवण घराघरांत वाटून दिले जाई. उजेडासाठी प्रथम गॅसबत्त्या आणि नंतर विजेचे दिवे येत. पंच जवळपासच्या गावचे जुने खेळाडू असत आणि त्यांचा मान नारळ व टोपी देऊन राखला जाई. रोख पैसा लागे तो ढाल किंवा चषक, चुना आणि ध्वनिक्षेपक यांपुरता; तो घरटी वर्गणीतून जमत असे. घरटी वर्गणीचे वैशिष्ट्य असे की, ज्या घरात खेळणारे मूल नाही तेही घर ती देई. खेळणाऱ्याकडून पैसे घेण्याची पद्धत नव्हती. आजच्या प्रवेश फीशी तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

या व्यवस्थेचे अतिरेकी गुणगान करण्याचे कारण नाही. वर्गणी देणाऱ्यांत मान कोणाचा, मैदानाच्या कडेला कोणी बसायचे आणि संघात कोणी खेळायचे हे प्रश्न गावकीच्या जातिव्यवस्थेपासून वेगळे नव्हते, आणि मुलींना त्या मैदानात स्थान जवळजवळ नव्हतेच. तरीही खेळण्याची किंमत मुलाच्या घराला मोजावी लागत नसे, ही गोष्ट उरते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील हा आर्थिक आधार ढासळला. अनेक कुटुंबे गावी परतली, तर जी राहिली ती पुढे नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली अशा दूरच्या उपनगरांत पांगली. एका चाळीत राहणारे गाव पन्नास ठिकाणी विखुरल्यावर महिन्याच्या सभेत वर्गणी गोळा करणे अवघड झाले.

याच काळाच्या आगेमागे खेळातून नोकरी मिळण्याची वाटही अरुंद होत गेली. मुंबईच्या कबड्डीत मध्य रेल्वे, महिंद्र, देना बँक, एअर इंडिया अशा व्यावसायिक संघांना महत्त्व होते. चांगला चढाईपटू म्हणजे पक्की नोकरी, असे समीकरण कोकणातील गावांत रूढ होते आणि खेळासाठी घरातून होणारा थोडाफार खर्च त्या आशेवर केला जाई. देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, तर एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. राज्य शासनाने २००५ मध्ये प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण लागू केले. मात्र त्यासाठी वरच्या स्तरावरील स्पर्धांतील पदक लागते. तालुक्याच्या मैदानावर गाजलेल्या खेळाडूला त्याचा थेट लाभ होत नाही.

मातीवरून मॅटवर

प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाला. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमार यांच्यासाठी १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत यांच्यासाठी २ कोटी ६० लाख रुपयांहून अधिक रक्कम मोजली गेली. दूरचित्रवाणीवरील या खेळाने गावातील मुलांना पुन्हा कबड्डीकडे वळवले, हे त्याचे श्रेय आहे. परंतु जो खेळ दिसला तो मॅटवरचा होता.

पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, तर महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. म्हणजे पुरुषांच्या एका क्रीडांगणासाठी १३० चौरस मीटर मॅट लागते. भोवतालची मोकळी जागा धरली तर त्याहून अधिक. ही मॅट पावसात भिजवून चालत नाही, उन्हात टाकून ठेवता येत नाही आणि खाली सपाट, टणक जमीन असावी लागते. त्यामुळे मॅटचा खरा खर्च तिच्या किमतीपुरता राहत नाही. तिच्यामागोमाग छप्पर, कोबा, साठवणीची खोली आणि वाहतुकीसाठी टेम्पो येतो. मातीवर अनवाणी खेळणाऱ्या खेळाडूला मॅटवर बूट घालावे लागतात. वाढत्या वयाच्या मुलाचे पाऊल वर्षागणिक मोठे होत असल्याने ही खरेदी एकदा करून संपत नाही.

जिल्हा व राज्य पातळीवरील निवड मॅटवर होऊ लागल्याने सराव मातीवर आणि परीक्षा मॅटवर अशी विसंगती निर्माण झाली. मातीवर पाय रोवून पकड करणाऱ्याला मॅटवरची घसरण आणि उसळी नवी असते. गुडघा व घोटा दुखावण्याची भीती वाढते. मॅट असलेल्या गावांचे किंवा शाळांचे संघ त्यामुळे पुढे राहतात. कौशल्य तेच असूनही केवळ पृष्ठभागाच्या सवयीमुळे मागे पडणाऱ्या मुलांची कोठे नोंद होत नाही, पण तालुक्यातील कोणताही क्रीडाशिक्षक अशी उदाहरणे देऊ शकेल.

टेनिस क्रिकेट, लिलाव आणि संघमालक

१९८३ च्या विश्वचषकानंतर आणि दूरचित्रवाणीच्या प्रसाराबरोबर कोकणात टेनिस चेंडूवरील क्रिकेट झपाट्याने पसरले. पॅड, हातमोजे, हेल्मेट यांची गरज नसल्याने आणि काही षटकांतच डाव संपत असल्याने हे क्रिकेट भातखाचरातही खेळता येते. चार, सहा किंवा आठ षटकांचे सामने, दिवसभरात अनेक संघ आणि हरला तो बाद, ही त्याची रूढ रचना. बत्तीस संघांच्या अशा स्पर्धेत एकतीस सामने होतात. यावरून मंडळाला किती पंच, किती चेंडू आणि किती तास उजेड लागतो याचा अंदाज येतो.

सुरुवातीला प्रवेश फी ही चेंडू व चषक यांचा खर्च भागवण्यापुरती असे. पुढे बक्षीस रोख रकमेचे झाले आणि गणित उलटले. आकर्षक बक्षीस जाहीर करायचे, त्यासाठी प्रवेश फी वाढवायची, वाढलेल्या फीमुळे कमकुवत संघ येईनासे झाले की तूट प्रायोजकाकडून भरायची, आणि प्रायोजक मिळावा म्हणून पुन्हा बक्षीस मोठे करायचे. या चक्रात दुचाकी, शीतकपाट आणि मालिकावीरासाठी वेगळी बक्षिसे आली. भावी उमेदवारांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या नावाचे चषकही आले. निवडणूक जवळ आली की हंगाम बहरतो, ही बाब प्रेक्षकांच्याही परिचयाची आहे.

इंडियन प्रीमियर लीग २००८ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच तिचे अनुकरण गावपातळीवर उतरले. गावाच्या किंवा विभागाच्या नावाची 'प्रीमियर लीग' भरवायची, मंडळातील सधन व्यक्तींनी संघमालक व्हायचे आणि खेळाडूंचा लिलाव करायचा, असे तिचे स्वरूप असते. बहुतेक ठिकाणी बोली खऱ्या पैशांची नसते. प्रत्येक मालक ठरावीक रक्कम मंडळाकडे भरतो, त्याबदल्यात त्याला सारखे गुण मिळतात आणि त्या गुणांतून तो खेळाडू घेतो. जमलेल्या रकमेतून मैदान, टी-शर्ट, जेवण, पंच, समालोचक, चषक आणि यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण यांचा खर्च भागतो. क्रिकहिरोजसारख्या अ‍ॅपवर धावफलक चढवला जातो. मुंबईत राहणाऱ्या तरुणाला गावाशी जोडून ठेवण्याचे काम या लीग प्रभावीपणे करतात. वर्षातून एकदा सर्व वाड्यांतील मुले एकाच मैदानावर दिसतात ती येथेच.

तथापि तिच्या अर्थरचनेत दोन अडचणी आहेत. पहिली, मुंबई-ठाण्यात मैदानच भाड्याने घ्यावे लागते. महानगरपालिकेची मैदाने मागणीच्या मानाने अपुरी असल्याने मंडळांना तासाच्या दराने मिळणाऱ्या खासगी टर्फकडे वळावे लागते. त्या दरात सुटीच्या दिवशीचा व रात्रीचा भाव वेगळा असतो. दुसरी अडचण वयाची. लिलावात बोली लागते ती वीस ते पस्तीस वर्षांच्या नाव झालेल्या खेळाडूवर. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शेवटच्या फेरीत घेतला जातो, राखीव बसतो आणि टी-शर्ट घेऊन घरी जातो. स्पर्धेवर होणारा खर्च वाढला म्हणून मुलांचा खेळ वाढला, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात टेनिस चेंडूवरील दहा षटकांची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. गावच्या स्पर्धेत गाजलेल्या खेळाडूला तिने पहिल्यांदाच व्यावसायिक वाट दाखवली. अर्थात सहा संघांच्या त्या स्पर्धेत जागा मोजक्याच होत्या.

शालेय स्पर्धा आणि प्रवासाचा खर्च

शासनाच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतात. डोंगरातील मुलासाठी अधिकृत क्रीडाव्यवस्थेत शिरण्याचा हा जवळजवळ एकमेव दरवाजा आहे. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण, पुढील प्रवेशातील व नोकरीतील राखीव जागा या सर्वांची वाट याच पायऱ्यांवरून जाते.

या पायऱ्या भौगोलिकही आहेत. कुडपणसारख्या गावातील मुलाला तालुकास्तरासाठी घाट उतरून पोलादपूरला यावे लागते. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकिनारी आहे. पोलादपूरहून हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक भरते. सकाळी नऊला हजेरी असेल तर पहाटेची एसटी पकडणे वाडीवरून शक्य नसते. मग आदल्या दिवशी निघून मुक्काम करावा लागतो किंवा भाड्याची जीप ठरवावी लागते.

कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात. मार्गदर्शक व व्यवस्थापक धरून चौदा जण होतात. एका जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी चौदा जणांचे जाणेयेणे, दोन वेळचे जेवण आणि मुक्काम झाल्यास त्याची सोय असा हिशेब मांडला, तर स्पर्धेची प्रवेश फी ही त्यातील किरकोळ बाब ठरते. विद्यार्थ्यांचा एसटी पास घर ते शाळा या ठरावीक मार्गापुरता असल्याने तो येथे उपयोगी पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मार्च २०२३ पासून महिलांना मिळणाऱ्या निम्म्या भाड्याच्या सवलतीमुळे मुलींच्या संघांचा हा भार काहीसा हलका झाला आहे, मात्र ही सवलत एसटीलाच लागू असून भाड्याच्या जीपला किंवा मिनिडोरला ती लागू नाही. मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका असणे आवश्यक असते. लहान शाळेत ती उपलब्ध नसेल तर संघच पाठवला जात नाही, आणि मग खर्चाचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

वेळापत्रकाची अडचण त्याहून वेगळी आहे. शालेय स्पर्धांचे तालुका व जिल्हा टप्पे मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत येतात. पोलादपूरच्या डोंगराळ भागात हा अतिवृष्टीचा आणि दरडी कोसळण्याचा काळ असतो. जुलैमध्ये लावणी, ऑक्टोबरमध्ये कापणी, शेतात पाणी आणि मैदान नाही. ज्या खाचरांत डिसेंबर ते मे रोज संध्याकाळी खेळ चालतो, ती खाचरे निवडीच्या महिन्यांत भाताखाली असतात. छप्पर असलेल्या सभागृहात सराव करणारी शहरी शाळा आणि पावसाची उघडीप पाहणारी डोंगरातली शाळा यांची पहिली गाठ तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मैदानावरच पडते.

यात भर पडते ती मुलांच्या घटत्या संख्येची. स्थलांतरामुळे अनेक वाड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांची पटसंख्या इतकी खाली आली आहे की, एका वयोगटाचे सात खेळाडूही जमत नाहीत. अशा ठिकाणी सांघिक खेळाऐवजी धावणे, लांब उडी, गोळाफेक अशा वैयक्तिक प्रकारांत नावे दिली जातात. ते स्वस्त पडते. पण ज्या भागाची ओळख कबड्डी आहे, तेथे संघ न उभा राहणे ही खेळापुरती मर्यादित गोष्ट नाही.

शासकीय तरतुदी व कर

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला आवश्यक ते क्रीडासाहित्य असावे, असे म्हटले आहे. उतारावरील शाळेसाठी क्रीडांगणाची अट पूर्ण करणे म्हणजे डोंगर कापणे होय. त्यामुळे ती अनेकदा कागदावर समोरच्या अंगणाने भागवली जाते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला ५ हजार, उच्च प्राथमिक शाळेला १० हजार आणि माध्यमिक स्तरावर २५ हजार रुपये वार्षिक अनुदानाची तरतूद करण्यात आली. हे अनुदान साहित्यासाठी आहे. चेंडू, दोऱ्या, चकत्या येतात. ज्या खर्चामुळे संघ अडतो, त्या प्रवासासाठी ते नाही.

खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला सुमारे ६ लाख २८ हजार रुपये खर्च करण्याची तरतूद असून त्यातील १ लाख २० हजार रुपये, म्हणजे महिन्याला १० हजार, खेळाडूला खर्चासाठी मिळतात. रक्कम भरीव आहे, परंतु ती निवड झाल्यावर सुरू होते. निवडीपर्यंतचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत क्रीडासाहित्यावरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच वेळी अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील करही ५ टक्के झाला. आयकर कायद्याखाली नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने दिलेले क्रीडा प्रशिक्षण वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. खासगी प्रशिक्षण केंद्राच्या फीवर मात्र, त्या केंद्राची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपलीकडे गेल्यास, १८ टक्के कर पडतो. गावच्या तरुण मंडळांना याचा फारसा प्रत्यय येत नाही, कारण त्यांची उलाढाल लहान असते. ज्यांची मुले महाड, पनवेल किंवा मुंबईत खासगी केंद्रांत जातात त्या पालकांना तो येतो.

कारखाने आणि सामाजिक दायित्व निधी

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायन व औषधनिर्मितीचे अनेक कारखाने आहेत आणि स्पर्धेच्या फलकावर त्यांची नावे झळकतात. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ठरावीक आर्थिक निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिंपिक व ऑलिंपिक खेळ यांना प्रोत्साहन देण्यासाठी दिलेले प्रशिक्षण या बाबीचा समावेश आहे.

येथील शब्द 'प्रशिक्षण' हा आहे, स्पर्धा नव्हे. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ च्या परिपत्रकात, मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात किंवा कार्यक्रमांचे प्रायोजकत्व यांसारखे एकवेळचे उपक्रम या खर्चात धरले जाणार नाहीत, असे स्पष्ट केले. दोन दिवसांच्या चषकाला कारखान्याने दिलेली देणगी म्हणूनच सामाजिक दायित्वात बसत नाही. ती जाहिरातीच्या खात्यात जाते व जाहिरातीएवढीच राहते. उलट वर्षभर चालणारे प्रशिक्षण केंद्र, मार्गदर्शकाचे मानधन किंवा प्रशिक्षणाचा भाग म्हणून पुरवलेली मॅट यांसाठी मोठी रक्कम मागता येते. तरुण मंडळे मात्र बहुधा चषकासाठीच अर्ज घेऊन जातात. बहुतेक मंडळांची रीतसर नोंदणी व लेखापरीक्षण नसते, आणि प्रशिक्षणाचा प्रस्ताव लिहिण्याची सवय कोणालाच नसते. दक्षिण रायगडमध्ये खेळासाठी पैसा नाही, हे विधान त्यामुळे अर्धेच खरे आहे.

अन्यत्र

मुंबईच्या मैदानी क्रिकेटमध्ये प्रशिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न अधिक तीव्र आहे. हॅरिस शील्ड, जाईल्स शील्ड यांसारख्या शालेय स्पर्धा आणि १९४८ पासूनची कांगा लीग यांवर शहराचे क्रिकेट उभे राहिले. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून सराव घेत, आणि बाद न होणारा फलंदाज ते नाणे घेऊन जाई. आज फी, काश्मीर किंवा इंग्लिश विलोची बॅट, लेदर चेंडू, संरक्षक साहित्य आणि उपनगरातून मैदानापर्यंतचा रोजचा प्रवास असा एकत्रित खर्च मध्यमवर्गीय घरालाही जड जातो. शार्दुल ठाकूर पालघरहून लोकलने मुंबईत सरावाला येत. यशस्वी जयस्वाल काही काळ आझाद मैदानावरील तंबूत राहिले. या कहाण्या जिद्दीच्या म्हणून सांगितल्या जातात. अंतराची किंमत म्हणूनही त्या वाचता येतात.

अमेरिकेत अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार, मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाने २०२४ मध्ये सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले. ही वाढ २०१९ च्या तुलनेत ४६ टक्के होती. तेथेही प्रवासी संघ आणि खासगी प्रशिक्षण ही वाढीची प्रमुख कारणे सांगितली जातात. नॉर्वेने मुलांच्या खेळातील हक्कांची नियमावली १९८७ मध्येच स्वीकारली. लहान वयात स्पर्धा घराजवळच व्हाव्यात असे तिचे धोरण असल्याने प्रवासाचा भार आपोआप मर्यादित राहतो.

खर्च आवरण्याच्या प्रथा

दक्षिण रायगडसह कोकणात काही मंडळांनी 'एक गाव एक संघ' हा नियम स्वीकारला आहे. त्यानुसार संघात त्याच गावचे खेळाडू असावे लागतात आणि ओळखपत्र तपासले जाते. बाहेरून मानधनावर खेळाडू आणण्याची स्पर्धा त्यामुळे थांबते व संघाचा खर्च निम्म्यावर येतो, असा संयोजकांचा अनुभव आहे. मुंबईत नोकरीला असलेल्या, पण गावचे रेशनकार्ड नसलेल्या मुलाला 'गावचा' म्हणायचे की नाही, यावरून वाद होतात आणि ते सभेत मिटवले जातात. काही ठिकाणी रोख बक्षिसाऐवजी विजेत्या गावाच्या शाळेला साहित्य देण्याची पद्धत आहे.

मातीवरची कबड्डी टिकवून धरणाऱ्या स्पर्धाही सुरू आहेत. त्यांत पाहुण्या संघांच्या जेवणाची घरटी वाटणी अजून पाळली जाते आणि मैदान तयार करण्यासाठी मुंबईहून आलेले चाकरमानी आदल्या रात्री फावडे हातात घेतात. त्यांचा हंगाम भातकापणीनंतर सुरू होतो व शिमग्याच्या सुमारास भर धरतो. पहिला पाऊस पडला की मैदानाचे पुन्हा खाचर होते आणि शाळेच्या निवडीचे वेळापत्रक येते.